खोटी गोष्ट, खरी प्रस्तावना

काही पुस्तके आपल्याला आवडतात, काही आवडत नाहीत. तिथे प्रश्न मिटतो. पण एखादे पुस्तक असे भेटते की ते वाचताना आपण जांभया देतो, नको तिथे हसतो, मिटून बाजूला ठेवतो. आणि तरीही दुसऱ्या कुणी त्याला नावे ठेवली की आपल्याला राग येतो. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ ही माझ्या लेखी अशी कादंबरी आहे.

ती १८६८ साली प्रसिद्ध झाली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’नंतर (१८६१) मराठीत अद्भुतरम्य कथांचे जे पीक आले, त्यातलेच हे एक कणीस. या कथांत प्रेम जडायला एक नजर पुरते. स्वभाव जुळण्याची वाट पाहण्याइतकी सवड कुणालाच नसते. संकटे येतात तीही जणू नायकाला विचारून. नायिकेच्या रूपाचे वर्णन सुरू झाले, की मी चार पाने खुशाल उलटतो. परत येतो तेव्हा तिचे डोळे संपून ओठ चाललेले असतात!

अर्थात, या कथांचे कूळ मोठे आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने चंद्रापीड आणि कादंबरी यांची जन्मांतरे ओलांडणारी प्रेमकथा लिहिली, आणि पुढे त्या नायिकेचे नावच आम्ही मराठीत या सबंध वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. वास्तववादाचा कितीही कैवार घेतला, तरी आपण ‘कादंबरी’ म्हणतो तेव्हा त्या गंधर्वकन्येलाच हाक मारीत असतो.

पण मला धरून ठेवते ती ‘मंजुघोषे’ची गोष्ट नव्हे, तिची प्रस्तावना. रिसबूड तिथे आपली अडचण मोकळेपणाने सांगतात. ती अशी : आम्हां हिंदूंच्या लग्नाच्या रीतीमुळे आणि इतर काही कारणांमुळे आमच्या जीवनात मन रमावे असे काही आढळत नाही, रोजचेच लिहिले तर त्यात रस वाटणार नाही, म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताचीच वाट धरावी लागते. साधी व्यावहारिक कैफियत. पण ज्या घरांत आठव्या-नवव्या वर्षी मुली उजवल्या जात, तिथे प्रेमकथा घडायची केव्हा आणि कुठे? तिला राजवाड्यातच जावे लागले.

इथे माझे मन रिसबुडांशी भांडू लागते. शेजारच्या माजघरात काही घडतच नव्हते का हो? बावीस वर्षांनी, १८९० मध्ये, हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहायला घेतली आणि दाखवून दिले की त्याच माजघरात सारे काही घडत होते. यमूच्या केशवपनाइतके भयंकर संकट कुठल्या राजकन्येवर आले असेल? रिसबुडांना जे नीरस वाटले, ते खरे म्हणजे असह्य होते.

माझी बाजू इथे पक्की व्हायला हवी. ती होत नाही, याला कारण माझी आजी. तिचे लग्न नवव्या वर्षी झाले. १९२९च्या सारडा कायद्याने मुलीचे वय चौदा ठरवले, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आजीला वाचता येत नसे. मी तिला यमूची गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा ती गहू निवडत राहिली; म्हणाली, “हे मला काय सांगतोस?” राजकन्यांच्या कथा मात्र हात थांबवून ऐके. नायिकेने स्वतः वर निवडला, की म्हणे, “तेवढं पुन्हा वाच. म्हणजे पोरीला विचारलं म्हणायचं!” मी ज्याला भडक रंग म्हणत होतो, त्यात तिला एक साधी, न मिळालेली गोष्ट दिसत होती.

आमच्या जिल्ह्यातले सर्वांत प्रसिद्ध लग्न म्हणजे न लागलेले लग्न. जांबचा नारायण, पुढचे समर्थ रामदास, ‘सावधान’ ऐकताच मांडवातून पळाला, अशी आख्यायिका आहे. मुलगा पळू शकला. अंतरपाटापलीकडच्या मुलीचे पुढे काय झाले, हे मी ऐकलेल्या एकाही कीर्तनात आले नाही. तिने पळून कुठे जायचे? फार तर गोष्टीत.

हा सारा इतिहास झाला म्हणावे, तर तेही जमत नाही. २००६च्या कायद्याने अठराच्या आतल्या मुलीचे लग्न गुन्हा आहे. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी पाचांत एकीहून थोड्या अधिक जणींचे लग्न महाराष्ट्रात त्या वयाआधी झालेले आढळले, आणि आमच्या जालन्याचे प्रमाण त्याहून बरेच जास्त. दिवाळीच्या सुमाराला इथली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. लग्न झाले की उचल मिळते, आणि वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हाही घोर सुटतो.

म्हणून ‘मंजुघोषे’ला मी हसतो, पण फार मोठ्याने नाही. ज्या दिवशी इथली एखादी मुलगी ती प्रस्तावना वाचून ‘म्हणजे काय?’ असे विचारील, त्या दिवसापासून ही कादंबरी नुसती जुनी आणि गमतीदार ठरेल. तोवर तिच्यातले सगळेच खोटे आहे, असे मला म्हणवत नाही.