समुद्रकाठच्या लग्नाची बॅग

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि माझ्या बॅगा माळ्यावरून खाली येतात. पुण्यातल्या एखाद्या कार्यालयातलं लग्न असेल, तर बॅग भरण्यात फारसं काही नसतं. काही राहिलंच तर सहायक दुचाकीवर टांग टाकतो आणि अर्ध्या तासात घेऊन येतो. गोव्याच्या लग्नाचं तसं नाही. उतोर्ड्याच्या किनाऱ्यावर, गोरज मुहूर्ताला पाच मिनिटं उरलेली असताना फ्लॅशचा सेल मागायचा तरी कुणाकडे? भटजी थांबत नाहीत, आणि सूर्य तर नाहीच नाही.

म्हणून आधी सगळं जमिनीवर चादर पसरून मांडते. विमानात हातातल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकायला बंदी. त्या सोबतच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही आणि कॅमेऱ्याची बॅटरी त्याच्या पाव भागाचीही नसते. पण प्रत्येकीच्या तोंडाला टोपण हवं. दोन बॅटऱ्यांची उघडी तोंडं एखाद्या किल्लीला टेकली, तर पुढचं सांगायला नको. स्टँड, छत्र्या, चार्जर खुशाल खाली जाऊ देत. बॉडी, लेन्स आणि कार्डं मात्र मी नजरेआड होऊ देत नाही.

त्या ७ किलोंत काय बसवायचं हा खरा प्रश्न. ७०-२०० ही सगळ्यांची लाडकी लेन्स, पण ती एकटीच दीड किलोच्या आसपास खाते. शिवाय ती हातात असली की माणूस लांब उभा राहायला शिकतो. मराठी लग्न लांबून टिपण्यासारखं नसतंच. अंतरपाटाच्या बाजूला, मामाच्या कोपराजवळ उभं राहिलं तरच कापडाच्या दोन्ही बाजूंचे चेहरे एकदम दिसतात. शेवटचं ‘सावधान’ झालं की कापड क्षणात बाजूला होतं, अक्षता पडतात, आणि त्या दोघांनी एकमेकांकडे बघायच्या आत कुणीतरी हार पुढे करतं. तेवढ्या वेळात लेन्स बदलायची सोयच नाही. वाळूवर तर ती बदलूच नये. वाऱ्यावरचा एक कण आत सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत त्याचा ठिपका. म्हणून दोन बॉडी. एकीला ३५, दुसरीला ८५, आणि दोन्ही खांद्यावर.

उजेडाचंही तसंच. कार्यालयात फ्लॅशचं तोंड छताकडे वळवलं की उजेड मऊ होऊन खाली येतो. किनाऱ्यावर वर नुसतं आभाळ. मग स्टँड आणि छत्री हवीच, आणि छत्री म्हटली की खारा वारा तिला आडवं पाडणार. यावर उपाय सोपा आहे: जाड कापडाच्या रिकाम्या पिशव्या घडी करून न्यायच्या, तिथे वाळूने भरायच्या आणि स्टँडच्या पायांवर टाकायच्या. जाताना पिशव्यांचं वजन जवळपास शून्य, आणि परतताना वाळू समुद्राचीच.

दमटपणाची भीती मला वाळूहून जास्त वाटते. ओल बसली की लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि काचेवरचा लेप खातात. निघायच्या आदल्या दिवशी सिलिका जेलचे मणी जुन्या तव्यावर अगदी मंद आचेवर टाकते. ओल प्यायलेले मणी गुलाबी असतात. परतत राहिलं की एकेक मणी कडेने जांभळा होतो, मग गर्द निळा. सगळे निळे झाले की गार करून पुरचुंड्या बांधायच्या आणि प्रत्येक लेन्सच्या कप्प्यात एकेक सारायची. एवढं करूनही हॉटेलच्या गार खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला, तर काच धुकटते, आणि पुसावी तितकी पुन्हा धुकटते. बॅग बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर नेऊन ठेवायची, हाच उपाय.

पण हे सगळं कुणासाठी? पूर्वी लग्न गावात नाहीतर तालुक्याला व्हायचं आणि अख्खी वाडी पंगतीला असायची. ज्यांनी लग्न डोळ्यांनी पाहिलं, तेच पुढे अल्बम पाहायचे. गोव्याला मोजकी माणसं जातात. गुडघ्यांनी जेरीस आलेली आजी जात नाही, गुरं कुणावर सोडायची म्हणून काका जात नाहीत, ओली बाळंतीण मावसबहीण जात नाही. त्यांच्यासाठी लग्न म्हणजे मी आणेन तेवढंच. आणि त्यांना समुद्र बघायचा नसतो. कानपिळीला कोण बसलं, मामा पाठीशी होता ना, विहीणबाई काय नेसल्या होत्या, रुखवतात काय काय मांडलं, हे त्यांना बघायचं असतं. रुखवत हॉटेलच्या एखाद्या अरुंद खोलीत मांडलेलं असतं, म्हणून २४-७० लागते. पाठवणीच्या वेळी आईच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा नसतो, म्हणून ८५. मोजक्या पाहुण्यांच्या लग्नात काम हलकं, असं म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होत नाही. न आलेल्यांचं ओझं त्यात जास्त असतं.

या खेपेला बॅग भरून झाली होती. नवरदेवाच्या मित्रांना ड्रोनची फार हौस, म्हणून त्याचा डबाही कोंबला होता. खरं तर दाबोळी हा नौदलाचा तळ, त्या परिसरात परवानगीशिवाय ड्रोन उडवताच येत नाही. पण परवानगी मिळाली तर असावा, एवढ्यासाठी. तेवढ्यात नवरीच्या काकूंचा फोन आला.

“ताई, आजी काही येत नाहीयेत हो. प्रवास झेपत नाही. त्यांनी मोत्यांच्या मुंडावळ्या स्वतः ओवून पाठवल्यात, दोघांच्याही. तेवढ्या नीट दिसू देत फोटोत.”

“दिसतील काकू. मणी न् मणी दिसेल.”

ड्रोनचा डबा कपाटात परत गेला. त्या जागी मॅक्रो बसली, तिच्या शेजारी सिलिकाची एक पुरचुंडी, आणि काट्यावर बॅग ७ किलोंच्या आत आली. मग मीच काकूंना उलटा फोन लावला. मुंडावळ्या दोन खोल्यांत साधारण एकाच वेळी बांधल्या जातात. नवऱ्याकडे सहायक जाईल, नवरीकडे मी, पण मॅक्रो एकच आहे. तेव्हा नवऱ्याच्या दहा मिनिटं उशिरा बांधता येतील का, एवढं भटजींना विचारून ठेवा म्हटलं.