शिट्टीसकट

होळीनंतर लॅपटॉपचा पंखा फारच घरघरायला लागला म्हणून मागचं झाकण उघडलं आणि शिंकांवर शिंका सुरू झाल्या. पात्यांवर तांबूस भुकटीचा थर बसला होता. आमच्या मागच्या गल्लीत मिरचीचा सातरा आहे. हंगामात बाया दिवसभर देठ खुडत बसतात आणि तिखटाचा धुराळा वाऱ्यासोबत घरोघरी जातो. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातला थोडा हिस्सा आमच्या प्रोसेसरच्या वाट्याला आला एवढंच.

या लॅपटॉपला पडदा नाही. फुटला तेव्हा काढूनच टाकला आणि उरलेला ऐवज राउटरशेजारच्या कोनाड्यात ठेवला. लाइन गेली तरी बॅटरी थोडा वेळ ओढते, हा त्याचा मोठा गुण. त्याचं काम म्हणजे टॉरेंट उतरवायचे आणि उतरल्यावरही देत राहायचं. डेबियनच्या प्रती, किविक्सवरचा मराठी विकिपीडिया, इंटरनेट आर्काइव्हमधली जुनी पुस्तकं. टॉरेंट म्हटलं की लोकांना चोरीचे सिनेमेच दिसतात. आर्काइव्हने ऑगस्ट २०१२ मध्ये दहा लाखांवर टॉरेंट रीतसर खुले केले, हे सांगायला गेलं तर समोरचा घड्याळ बघतो.

मला मात्र टॉरेंट म्हटलं की काकांची दंडार आठवते. धान कापून झालं, दिवाळी सरली की आमच्याकडे झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात आणि रात्र रात्र दंडारी, म्हणजे नाचगाण्याची लोकनाट्यं, चालतात. काका पेटी वाजवायचे. एका वर्षी कोणीतरी मंचाच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवला आणि त्या अख्ख्या रात्रीतली नव्वद मिनिटं कॅसेटमध्ये आली. तीही मधे बाजू पालटताना गवळणीचा एक तुकडा गिळून. काका ती कॅसेट मागेल त्याला द्यायचे. काकू धुसफुसायची, "देल्लेली कॅसेट कोनी वापस आणते का?" पुढे एका पावसाळ्यात घर गळलं आणि फितीला बुरशी चढली. कॅसेट गेली. पण नागभीडच्या एका पाहुण्याने तिची नक्कल करून ठेवली होती, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून. त्या नकलेत गवळण ऐन भरात आली असताना कुकरची शिट्टी होते. लांबलचक. आज काकांची पेटी ऐकायची तर त्या शिट्टीसकटच ऐकावी लागते.

ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट आणलं, त्यात शिट्टीला जागाच नाही. फाइलचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा ठसा टॉरेंटमध्ये आधीच नोंदवायचा. अनोळखी माणसाकडून आलेला तुकडा ठशाशी जुळला नाही तर तो फेकून पुन्हा मागायचा. आणि जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तो शक्यतो आधी उतरवायचा. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. आमच्या घरी तो कोणाला सुचला असता तर बरं झालं असतं.

टॉरेंट उतरवणारा क्लायंट निवडताना माझी अट होती की मी घरात नसलो तरी त्याने चाललं पाहिजे. आरटॉरेंट देखणा आहे, सगळा कारभार टर्मिनलमधल्या अक्षरांत. पण दुसऱ्या यंत्रावरून नुसता एसएसएचने सुरू केला तर जोडणी तुटली की तोही संपतो. म्हणून त्याला, जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टीमक्समध्ये चालवावं लागतं. डेल्यूजचा मागे राबणारा डेमन वेगळा आणि दाखवणारा भाग वेगळा. कल्पना हुशार, पण दोन्हीकडच्या आवृत्त्या जुळवत बसायला वेळ कोणाला? क्यूबिटटॉरेंट-नॉक्स सगळ्यांत सधन. त्याच्या कर्त्यांनी जगजाहीर झालेला 'अ‍ॅडमिनअ‍ॅडमिन' हा पासवर्ड ४.६.१ आवृत्तीपासून बंद केला. आता तात्पुरता पासवर्ड टर्मिनलवर छापून येतो, आणि ज्याला पडदाच नाही अशा यंत्रावर तो लॉगमधून हुडकावा लागतो. सुरक्षा म्हणून ठीकच आहे.

शेवटी ठेवला ट्रान्समिशन-डेमन. कमी खातो, कमी बोलतो. हट्टी मात्र आहे. तो चालू असताना सेटिंग्जची फाइल बदलली तर बंद होताना स्वतःच्या डोक्यातली जुनी प्रत तिच्यावर लिहून मोकळा होतो. आधी त्याला थांबवायचं, मगच फाइलला हात लावायचा. आणि सुरुवातीला १२७.०.०.१, म्हणजे स्वतःचंच यंत्र, सोडून कोणालाच आत घेत नाही. घरच्याच मोबाइलवरून ९०९१ पोर्टवर गेलं तरी ४०३ दाखवून परत पाठवतो. अगदी काकूसारखा. यादीत घरचे पत्ते घातले, मग त्याची काही तक्रार उरली नाही.

देण्यावर मी मर्यादा घातलेली नाही. शंभर टक्के झालं की क्षणात खिडकी बंद करून निघून जाणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जी अढी आहे ती काही जात नाही. पीअरांच्या यादीत असा एखादा पत्ता दिसला, भराभर ओढणारा, की मी त्याच्याकडे बघत बसतो. गेलाच शेवटी.

नागभीडची ती कॅसेट आमच्याकडे छोट्या गाडीने आली होती. नागपूर-नागभीड नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. त्याआधी उमरेड, भिवापूर, नागभीड हा सगळा देवघेवीचा मामला तिच्यावरच चालायचा. डबे, रोपं, लग्नपत्रिका.

पंखा साफ झाल्यावर ती कॅसेट संगणकात भरून घेतली आणि तिचा टॉरेंट केला. फक्त घरच्यांपुरता. पुण्याचा पुतण्या तो उतरवायला बसला, पण जुळेना. आमच्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, तो बऱ्याच घरांत वाटलेला. बाहेरून कोणी आपणहून दार वाजवू शकत नाही. त्याच्याही राउटरने दार लावलेलं. अखेर त्याने राउटरवर काहीतरी खटपट केली, तेव्हा इकडून तुकडे जायला लागले. त्याने फोनवर मला विचारलं, "काका, शिट्टी काढून टाकू का? होते आता."

काकू शेजारीच बसली होती. म्हणाली, "नागभीडची शिट्टी कायची? कुकर माहा होय. नक्कल आपल्याच घरी केली त्यानं."

मी म्हटलं, पण ते पाहुणे तर सांगत होते की त्यांच्या घरी केली.

"त्याले काय जाते सांगाले? जेऊन गेला, अन् कोरी कॅसेटबी आपलीच नेली."