तांबड्या लुगड्याच्या गावी

कपडे घ्यायला माणसे मुंबईला येतात हे मला लहानपणापासून ठाऊक होते. पण कपडे शोधायला कोणी मुंबईहून विरार लोकलने वसईला जात असेल, असे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. ते घडले गेल्या डिसेंबरात. आमची भाची एका फॅशनच्या कार्यालयात नोकरीला आहे. तिचा सकाळी फोन आला. "मावशी, रविवारी आमच्याबरोबर चल. आम्हांला ट्रंक उघडून हव्यात."

"मग किल्लीवाल्याला ने," मी म्हटले.

पण खरी अडचण किल्लीची नव्हती. या मंडळींना उन्हाळ्यासाठी नव्या कपड्यांचा संच करायचा होता आणि त्याचा आधार म्हणून त्यांनी वसईच्या सामवेदी ख्रिस्ती बायकांचे तांबडे चौकड्याचे लुगडे निवडले होते. आदल्या महिन्यात एकदा ती वसईला जाऊन आली होती. घरोघरी चहा मिळाला, सुकेळी मिळाली, ट्रंक मात्र एकही उघडली नाही. माझी एक जुनी मैत्रीण निर्मळजवळ शाळेत शिकवीत असे. तिच्या ओळखीवर आणि माझ्या पिकल्या केसांवर भाचीची भिस्त होती.

दादरला गाडी पकडली. सकाळच्या वेळी विरारकडे जाणाऱ्या गाडीत हातपाय पसरून बसता येते, हे सुख रोज उलट्या दिशेने लोंबकळत येणाऱ्या वसईकरांना सांगू नये. आम्ही पाच जण होतो: भाची, तिच्या मुख्य बाई, फोटो काढणारा एक लाजाळू मुलगा, कापड बेतणारे मास्टर आणि मी. मास्टर साठीचे, गळ्यात टेप. रविवारीही तो उतरवत नाहीत. मुख्य बाईंच्या पिशवीत रंगांच्या चिठ्ठ्यांचा जाडजूड गठ्ठा होता. त्यात नुसत्या तांबड्याच्या शंभरावर छटा होत्या. मला कुंकवाचा, विटेचा आणि टोमॅटोचा एवढेच तांबडे ठाऊक!

भाईंदर सुटले, गाडी खाडीच्या पुलावर चढली आणि खिडकीतून खारा वारा आला. या पाण्यावरून कापडाची ये-जा फार जुनी. पलीकडचे नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक बंदर. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, हे आपण शाळेत वाचलेले असते आणि गाडीत बसून विसरलेले असते. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. इथल्या चर्चमधल्या घंटा मग मराठ्यांबरोबर घाटावर गेल्या. मेणवलीला कृष्णेकाठी त्यांतली एक आजही टांगलेली आहे. घंटेने धर्म बदलला, नाद तोच राहिला. हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्या वहीत काहीतरी लिहू लागल्या. मी घाबरून गप्प बसले, उगीच कुणाच्या झग्याला घंटा लागायच्या!

वसई रोड स्टेशनाबाहेर उंच इमारतींची गर्दी आहे. 2009 साली इथे महानगरपालिका झाली, तिच्या आधीपासूनच चाळी, गाळे आणि कारखाने वाढत होते. पूर्वेकडे गोखिवरे, वालीव भागात गाळ्यागाळ्यांतून शिलाईची यंत्रे चालतात. मुंबईच्या दुकानांतले पुष्कळसे तयार कपडे तिथूनच येतात, असे मास्टर म्हणाले. आम्ही मात्र पश्चिमेला वळलो. पंधरा मिनिटांत रिक्षा केळीच्या आणि नारळीच्या सावलीत शिरली आणि हवा दोन अंशांनी तरी उतरली. मध्येच एक बावखल दिसले. बावखल म्हणजे वाडीतले जुने तळे. पावसाचे पाणी त्यात साठते आणि तेच विहिरींना जिवंत ठेवते. नव्या इमारतींसाठी कितीतरी बावखले बुजवली गेली. हे मात्र शाबूत होते आणि काठावर एक बगळा घरमालकाच्या थाटात उभा होता.

मैत्रिणीने आम्हांला ज्या घरी नेले तिथल्या आजी नव्वदीच्या घरातल्या. अंगणात नाताळचा गोठा बांधायला नातवंडे गवत आणीत होती. आजी ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधीत होत्या, आणि अंगावर तांबडे लुगडे! पोटरीपर्यंत आखूड, ओचा घट्ट खोवलेला. फोटोवाल्या मुलाने कॅमेरा वर केला. आजींनी मेथीची जुडी तोंडापुढे धरली. मुलाने कॅमेरा खाली केला, जुडीही खाली आली. हा खेळ तीनदा झाल्यावर मुलगा गोठ्याच्या कामाला लागला आणि तिथे त्याचे चांगले जमले.

घरात सगळी आपापसांत कादोडी बोलत होती. मला त्यातले निम्मे कळे. आमच्याशी मात्र शुद्ध मराठी. ट्रंकेचा विषय काढायची कोणाची छाती होईना. शेवटी मीच माझ्या आईच्या नऊवारीची गोष्ट काढली. ती गेल्यावर आम्ही तिच्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. आजींनी ऐकून घेतले.

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"एक ठेवायचं होतं," त्या म्हणाल्या आणि सुनेला खूण केली. पलंगाखालची ट्रंक बाहेर आली.

डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. वर नातवंडांच्या बाप्तिस्म्याचे कपडे, खाली एका जुन्या धोतरात गुंडाळलेले लुगडे. अंगावरच्याहून गडद, बारीक चौकड्याचे, एकदाच धुतलेले. मुख्य बाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा उलगडला. एक छटा जुळेना. घडीच्या बाहेरचा तांबडा वेगळा, आतला वेगळा, आणि किनार दुमडली होती तिथे अगदी मिरचीसारखा! आजींच्या अंगावरचा तर चौथाच, बावखलाच्या पाण्याने आणि उन्हाने विटून आलेला. खरा तांबडा कुठला? बाई कितीतरी वेळ त्या एका दुमडीवर वाकून बसल्या होत्या.

मास्टरांनी खिशातून घडीचे छोटे भिंग काढले. त्याच्या तळाशी एक इंचाची चौकट असते. ती कापडावर ठेवायची आणि सुईच्या टोकाने धागे मोजायचे, उभे किती, आडवे किती. मग उलट बाजू पाहिली. सुलटीइतकीच ती स्वच्छ होती. छापील चौकडा पाठीमागे फिका पडतो, विणलेल्याला पाठ नसतेच. तांबडा धागा तांबड्यावर आला की भरीव रंग आणि दुसऱ्या धाग्यावर आला की तिसरीच छटा, असा तो चौकडा धाग्यांच्या भेटींतून होतो. सुताचा नंबर कसा ठरतो तेही मला त्या दिवशी कळले: एक पौंड सुतात 840 वारांच्या जितक्या लडी भरतात तो नंबर. मोठा नंबर तितके बारीक सूत. हे सूत भरड होते. "चिखलात टिकायचं ना," मास्टर म्हणाले.

इथवर सारे गोडीगुलाबीत चालले होते. मग बाईंनी वही उघडून चित्रे दाखवली. एका चित्रात चौकडा तिरपा कापून केलेली सैल विजार होती. तिरपे कापलेले सुती कापड अंगाबरोबर ताणते आणि चौकड्याची बर्फी होते, असे मास्टरांनी समजावले. त्यासाठी या लुगड्याचा हातभर तुकडा मिळाला तर विणकराला नमुना देता येईल, असे बाई अगदी हळू म्हणाल्या.

ओट्यावर शांतता पसरली.

"हे मी बरोबर न्यायला ठेवलंय," आजी म्हणाल्या. कुठे, ते विचारायची गरज नव्हती.

बाईंचा चेहरा उतरला. आजींनाच दया आली असावी. त्या उठल्या, अंगावरच्यासारखे दुसरे जुनेर काढले आणि बाईंना म्हणाल्या, "आधी नेस. मग काप."

नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. आजींनी ते बाईंच्या विजारीवरूनच नेसवले, पाच मिनिटांत. एक टाका नाही, एक टाचणी नाही. मग त्यांना मेथीच्या वाफ्यात नेले आणि बसायला लावले, उठायला लावले, पाण्याची घागर उचलायला लावली. कापड कुठे अडले नाही, सुटले नाही, भिजलेही नाही. मास्टर काठावर उभे राहून पाहत होते. मला हळूच म्हणाले, "आम्ही बेततो तेव्हा शंभर वारांतले दहा-पंधरा वार चिंध्या होतात. हिच्यात एक चिंधी नाही." चाळीस वर्षे कात्री चालवलेल्या माणसाने हे म्हणावे!

जेवणाच्या वेळी सून बोलू लागली. ती शाळेत शिक्षिका आहे. "कपड्यावर नाव कोणाचं लावणार?" तिने सरळ विचारले. बाई म्हणाल्या, अजून ठरले नाही, किनारपट्टीचा चौकडा असे काहीतरी. "म्हणजे कुठलाच नाही," सून म्हणाली.

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. गदारोळ झाला तेव्हा कुठे मूळ भारतीय आहे हे कबूल केले. ते तिला पाठ होते. पण कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, करणारे कारागीर आहेत, त्यांच्या संस्था आहेत. "आमच्या घरात कोणी विणत नव्हतं," ती म्हणाली. "आम्ही नेसणारे. पण हाच रंग, हाच चौकडा हवा, एवढीच किनार हवी, हे दुकानदाराला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं कोणी?"

याला बाईंकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते, आणि मानांकनाच्या कायद्याकडेही नसावे. तो माल करणाऱ्यांचा विचार करतो, नेसणाऱ्यांचा नाही. बाईंनी मग गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्सांची गोष्ट सांगितली. तेही फॅशनवाले. 2010 च्या सुमारास त्यांनी गोव्याची तांबड्या चौकड्याची, खांद्यावर गाठ मारून नेसायची कुणबी साडी पुन्हा मागावर आणली आणि साऱ्या देशापुढे मांडली. तिचे नाव त्यांनी कुणबी साडीच ठेवले. 2020 साली ते गेले, साडी राहिली. सून म्हणाली, "मग झालं तर." आणि बाईंच्या पानात आणखी एक मासा वाढला.

तिसऱ्या प्रहरी लुगडे कापावे न लागता त्याचे सगळे मोजमाप वहीत उतरले: इंचाचे धागे, चौकड्याची घरे, किनारीची बोटे. किनार आजींनी स्वतःच्या बोटांनी मोजून दिली, टेप नाकारून. विजारीचे चित्र वहीत होते तिथेच राहिले. परतीच्या गाडीत बाई मास्टरांशी न कापता नेसायच्या वस्त्रांविषयी बोलत होत्या आणि मास्टर गळ्यातला टेप गुंडाळून खिशात घालीत होते.

फाल्गुनात हातमागावरचा पहिला नमुना आला. भाची तो घेऊन एकटीच वसईला गेली. बरोबर चिठ्ठीचा मसुदा होता: वसईचे लुगडे, सामवेदी नेसण. सुनेने तो वाचून मान डोलावली. आजींनी कापडाचा कोपरा ओल्या बोटाने चोळला, बोट पाहिले, रंग आला नव्हता. मग ट्रंक उघडायला लावली, जुने लुगडे शेजारी पसरले आणि नव्या किनारीवर बोटे ठेवली.

"दोन बोटं कमी आहे," त्या म्हणाल्या.

भाचीने समजावून पाहिले की एवढ्याने संच आता या उन्हाळ्याला काही तयार होत नाही. आजी म्हणाल्या, उन्हाळा दरवर्षी येतो. किनार पुन्हा विणायला टाकली आहे.