पुन्हा एकदा आवळणे

स्वतः दुरुस्त केलेल्या वस्तूवर माणसाचा जरा अधिकच विश्वास असतो. 1983 साली आम्ही जबलपुरास होतो. जुन्या अँबॅसडरच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे आम्ही अंगणातच बदलले आणि पुढच्या रविवारी मोठ्या ऐटीत सहकुटुंब भेडाघाटास निघालो. वाटेत खाडकन आवाज झाला आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालू लागली. मागे धाकटी रडू लागली, तेव्हा आमची सारी ऐट गळाली.

रस्त्याकडेच्या वृद्ध मिस्त्रीने वाकून पाहिले. पाट्यांना आसाशी जखडतात ते यू-बोल्ट. नवे पाटे गाडी चालू लागली की एकमेकांवर बसतात, नट सैल पडतात. मग सारा भार मधल्या बारीक बोल्टवर येतो, तो तुटतो आणि आस सरकतो.

"साहब, थोड़ा चलाकर फिर कसना था," एवढेच तो म्हणाला.

कचेरीत दुसऱ्यांच्या प्रत्येक कामाची आम्ही फेरतपासणी मागत असू. स्वतःच्या कामाला मात्र एकाच सहीने मंजुरी दिली होती!

त्यानंतर प्रवासास निघताना आमची ही फराळाच्या डब्याशेजारी पाना ठेवू लागली. बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरे झाले असते.