चित्रकथेंतील वीर पडद्यावर

साठी उलटलेल्या आणि जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसानें स्पायडरमॅनविषयीं मत द्यावें, हें आमच्या कांहीं स्नेह्यांस रुचत नाहीं. चित्रकथांचा नाद आम्हांस अमरकोशाच्याहि आधीं लागला, हें त्यांस ठाऊक नसावें. इंद्रजाल कॉमिक्सची माला १९६४ सालीं निघाली. तिच्या मराठी पुस्तिकांतील वेताळ आम्हीं बाळपणीं वडिलांच्या धाकानें भूगोलाच्या पुस्तकांत लपवून वाचला आहे. कवटीची गुहा, कवटीची अंगठी, पांढरा घोडा आणि चारशें वर्षें बापामागून लेकानें चालविलेलें तें व्रत, हें सारें आम्हांस मुखोद्गत होतें.

म्हणूनच १९९६ सालचा 'द फँटम' हा वेताळावरील चित्रपट आम्ही मोठ्या आशेनें पाहावयास बसलों. जांभळा वेष, घोडा, लांडगा, गुहा, अंगठी, सर्व कांहीं बरहुकूम होतें. बिली झेन ह्या नटानें देहहि चांगला कमाविला होता. तरी चित्रपट संपला तेव्हां आम्ही कोरडेच राहिलों होतों. असें कां व्हावें तें बरेच दिवस कळेना, पुढें उमगलें. वेताळाच्या कथेचा प्राण त्याच्या वेषांत नव्हताच. आपण इतरांसारखेच मर्त्य आहों हें ज्यास जगापासून जन्मभर लपवावें लागतें, अशा माणसाच्या एकाकीपणांत तो होता. चित्रपटांत तीन मंतरलेल्या कवट्यांसाठीं चाललेली धांवपळ होती. तो एकाकीपणा नव्हता.

उलट अनुभव २००२ सालीं सॅम रेमी ह्या दिग्दर्शकाच्या 'स्पायडरमॅन'नें दिला. स्पायडरमॅनची पहिली कथा ऑगस्ट १९६२ च्या अंकांत आली. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. तींत पीटर पार्कर हा गरीब विद्यार्थी जाळें फेंकण्याचें यंत्र स्वतः घडवितो. चित्रपटांत तें जाळें त्याच्या मनगटांतूनच निघतें. मूळ कथेच्या कित्येक अभिमान्यांस हा बदल मुळींच खपला नाहीं. परंतु जें राखावयास हवें तें दिग्दर्शकानें राखलें होतें. पळणारा चोर समोरून जातो, आपल्यास काय त्याचें म्हणून पीटर त्यास अडवीत नाहीं, आणि त्याच चोराच्या हातून त्याचा चुलता मरतो. पुढील सारा पराक्रम म्हणजे त्या एका क्षणाचें प्रायश्चित्त होय. २००४ च्या दुसऱ्या भागांत भरधांव आगगाडी थांबवून तो बेशुद्ध पडतो. उतारू त्यास हातोहात आंत घेतात, आणि मुखवट्यावांचून पाहतात तों हें एक कोवळें पोर! त्या ठिकाणीं आमच्या डोळ्यांस पाणी आलें, हें कबूल करण्यास आम्हांस लाज वाटत नाहीं.

ह्यावरून आम्हीं एक नियम बसविला. खरें पाहतां तो आमचा नव्हेच. महाभारतांतील दुष्यंत शकुंतलेस ओळखतो, आणि भर सभेंत जाणूनबुजून नाकारतो. कालिदासानें महाभारतांत नसलेला दुर्वासांचा शाप आणि अंगठी आणून त्या नाकारण्याचा दोष विसराच्या माथीं घातला. आनंदवर्धनानें तर ध्वन्यालोकांत स्पष्टच सांगितलें आहे कीं, प्रसिद्ध कथेंतील जो भाग रसाच्या आड येईल तो कवीनें टाकावा, आणि रसास पोषक असा नवा कल्पावा. वर्गांत तीस वर्षें आम्हीं हें शिकविलें. घरांत मात्र तें पाळलें नाहीं.

गेल्या दिवाळीच्या सुटींत नातवाबरोबर २०१७ चा 'स्पायडरमॅन: होमकमिंग' पाहिला. जेवतांना आम्हीं निकाल दिला, "चुलत्याचें मरण गाळलें, म्हणजे प्रायश्चित्त गेलें. पोषाख धनाढ्य टोनी स्टार्कनें दिलेला, म्हणजे गरिबीहि गेली. हा स्पायडरमॅनच नव्हे." नातू सोळा वर्षांचा. तो म्हणाला, "आजोबा, कालिदासानें बदललें कीं ती प्रतिभा, आणि ह्यांनीं बदललें कीं तें पाप?" स्वयंपाकघरांतून सूनबाईंचें हंसणें ऐकूं आलें. आम्ही चिडलों. "कालिदासाच्या पंक्तीस कोणाला बसवितोस ह्याचें भान ठेव," असें म्हटलें. तो कांहीं बोलला नाहीं. पानावरून अर्धपोटीं उठून गेला. आमच्या घरांत पानावरून असें कोणी उठलें नव्हतें. पुढचा घांस आमच्याहि घशाखालीं उतरेना.

दोन दिवस अबोला राहिला. तिसऱ्या दिवशीं तो एक पुनर्मुद्रित चित्रकथा घेऊन आला आणि मुकाट्यानें आमच्यापुढें ठेविली. फेब्रुवारी १९६६ चा तेहतिसावा अंक. चित्रकार तोच डिटको. पीटर प्रचंड लोखंडी यंत्राखालीं सांपडला आहे, वरून पाणी गळत आहे, आणि चुलतीचे प्राण वांचविणारें औषध समोरच, पण हात पोंचणार नाहीं इतकें दूर पडलें आहे. पानामागून पान तो तें ओझें तसूतसूनें उचलीत जातो.

मग नातवानें तो चित्रपट पुन्हां लावला. स्टार्कनें आपला उंची पोषाख काढून घेतलेला आहे. पोषाखावांचून तूं कोणीच नसशील तर त्या पोषाखास तूं पात्र नाहींस, अशा अर्थाचें त्यानें सुनावलेंहि आहे. अंगावर घरगुती साधा वेष, आणि वर कोसळलेली इमारत. पोर मदतीसाठीं हांका मारतें, रडतें. पुढें पाण्याच्या डबक्यांत स्वतःचें प्रतिबिंब पाहून तें ओझें उचलतें. डिटकोचीं तीं पानें दिग्दर्शकानें जिवापाड राखलीं होतीं. आम्ही मात्र पोषाख कोणी दिला हेंच मोजीत बसलों होतों. वेताळपटाच्या कर्त्यांस जो दोष आम्हीं दिला होता, तोच आमच्या पाहण्यांत होता.

त्याच सायंकाळीं दोघांनीं मिळून २०२१ चा 'नो वे होम' पाहिला. तीन चित्रपटांतील तीन निराळे स्पायडरमॅन एकत्र आणण्याची हौस आम्हांस अजूनहि जत्रेसारखी वाटते. नातवास तोच भाग सर्वांत प्रिय आहे. परंतु शेवटाविषयीं आमचें दुमत झालें नाहीं. चुलती गेलेली आहे. जग वांचावें म्हणून पीटर मांत्रिकास सांगतो कीं, सर्वांना माझा विसर पडूं दे. पुढें तो आपल्या आवडत्या मुलीपुढें उभा राहतो. ती त्यास ओळखीत नाहीं. सर्व सांगावयाचें म्हणून लिहून आणलेला कागद तसाच परत ठेवून तो निघून जातो, आणि भाड्याच्या रिकाम्या खोलींत आपल्या हातानें आपला पोषाख शिवतो. दुष्यंतास विसर पडला तो शापानें. ह्या पोरानें तो स्वतः मागून घेतला, आणि फेडण्याचा उपाय हातांत असून फेडला नाहीं.

हें आम्हीं बोलून दाखविलें, तेव्हां नातू म्हणाला, "आजोबा, मग किती गुण?"

"आधीं जेवावयास चल," आम्हीं म्हटलें.

पानें वाढलेलीं होतीं. तो पोटभर जेवला. जेवण झाल्यावर त्यानें आपण होऊन शाकुंतलाचें पुस्तक मागितलें. शकुंतलेस नाकारण्याचा प्रसंग कोणत्या अंकांत येतो, असें त्यानें विचारलें. आणि आम्हीं पांचवा अंक काढून दिला.