फॉरमॅट मारण्यापूर्वी

जिंतूरच्या दुकानदाराने आमचा लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "सर, हा आता भंगारात द्या. नाहीतर पाचशे रुपयांत विंडोज मारून देतो." त्याचं चुकलं असं नाही. 2012 साली आम्ही बी.एड.ला असताना अब्बांनी कापसाच्या पैशातून नांदेडहून हा लॅपटॉप आणला होता. चार जीबी रॅम, विंडोज 7. त्या विंडोजचा आधार 14 जानेवारी 2020 रोजीच संपला. पुढे नवे ब्राउझर त्यावर चालेनात, म्हणून शाळेची ऑनलाइन माहिती भरायची तर दुसऱ्याच्या दारी जावं लागे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची चिप लागते, ती यात नाही. आणि विंडोज 10 टाकावं, तर त्याचाही आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपलेला.

राहिला पाचशे रुपयांचा मार्ग. म्हणजे चोरीची प्रत. आम्ही वर्गात मुलांना अमानत या शब्दाचा अर्थ सांगतो, तेव्हा हा मार्ग घेताना जरा अडखळायला झालं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं आम्ही ज्या इनपेजवर उर्दू प्रश्नपत्रिका काढल्या, तीही प्रत कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेलीच होती. तेव्हा आपला तकवा फार मिरवू नये.

शेवटी लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं. फुकट आहे आणि जुन्या यंत्रावर चालतं. फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, 1991 मध्ये लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. आज केरळच्या सरकारी शाळांतून मुलं त्यावरच संगणक शिकतात. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या शाळांत का नको, हा प्रश्न बैठकीत विचारून आम्ही गप्प बसवले गेलो आहोत. ते असो.

खरी अडचण वेगळीच होती. या लॅपटॉपमध्ये दादी होती.

2013 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दादीच्या खाटेजवळ बसून तिची गाणी उतरवून घेतली होती. जात्यावरची, हळदीची, ढोलकीवरची, सगळी दखनीत. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती म्हणायची, आम्ही टाइप करायचो, आणि ती मध्येच थांबून विचारायची, "इसमें मेरी आवाज भी जाती क्या रे?" तेव्हा आवाज रेकॉर्ड करायचं आम्हाला सुचलं नाही, याची रुखरुख आजही आहे. पुढच्या वर्षी दादी गेली. गाणी एकूण 61, हा आकडा आमच्या डायरीत होता.

फॉरमॅट मारण्यापूर्वी डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. मोजलं तर गाणी 43. विंडोजमध्ये शोध घेतला, मिळालं काही नाही. वाटलं, डायरीत आकडा लिहिताना आपणच चुकलो असू. माणूस असा लवकर समाधान करून घेतो.

दुसऱ्या पेन ड्राइव्हवर मिंट चढवून लॅपटॉप त्यावरून सुरू केला. याची एक सोय अशी, की काही न पुसता, न बसवता तो आधी चालवून पाहता येतो. पडद्यावर 'डिस्क पुसून मिंट बसवा' हा पर्याय आलाही होता. बोट माउसवर होतं. पण ते 43 मनातून जाईना. म्हणून बाहेर येऊन सगळ्या डिस्कवर इनपेजच्या फाइली शोधल्या. आणि कधी न पाहिलेल्या एका फोल्डरमध्ये 18 फाइली निघाल्या.

कारण नंतर कळलं. एखादा जुना प्रोग्राम स्वतःच्याच फोल्डरमध्ये काही साठवू लागला, तर विंडोज 7 त्याला नाही म्हणत नसे. ती फाइल गुपचूप 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवत असे. आम्ही घाईत जिथे साठवलं ते हेच. विंडोजने लपवलेलं मिंटला दिसलं, कारण विंडोजची ही लपवाछपवी मिंट मानतच नाही. दादीच्या शेवटच्या आठवड्यातली गाणी होती ती. आम्ही उठून पाणी प्यालो.

मग दोन ठिकाणी प्रती ठेवल्या आणि पुसण्याचं बटण दाबलं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली आणि गावात विजेचा भरवसा नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून घेतली होती. अम्मी दारातून दोनदा बोलल्या, "कायकू छेडता रे उसकू, चल रहा था ना." पाऊण तासात मिंट उभं राहिलं.

पण मिंटवर इनपेज नाही, आणि इनपेजची फाइल दुसरीकडे उघडली तर नुसता कचरा दिसतो. सहकाऱ्याच्या संगणकावर त्या सगळ्या युनिकोडमध्ये बदलून आणल्या. उघडल्या तर अक्षरं नस्खमध्ये. अम्मींनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "ये तो अरबी के हर्फां हैं, उर्दू किधर है?" मग नोटो नस्तालीक हा फॉन्ट बसवला आणि ओळी पुन्हा उजवीकडून तिरक्या उतरू लागल्या. संगणकावर नस्तालीक आणणं सोपं नव्हतं. मिर्झा अहमद जमील यांनी त्यासाठी हजारो जोडाक्षरं हातांनी लिहिली. 1981 मध्ये लाहोरच्या 'जंग'ने तो टाइप वापरला, आणि वडिलांच्या नावावरून त्यांनी त्याला 'नूरी' म्हटलं. इनपेजमध्ये आम्ही वर्षानुवर्षं वापरला तो हाच.

बदलताना काही अक्षरं बिघडली होती. कुठे हमजा गळालेला, कुठे दोन शब्द चिकटलेले. आम्ही एकेक गाणं वाचत गेलो आणि अम्मी दुरुस्त करत गेल्या. 'नको' हा शब्द मात्र प्रत्येक गाण्यात शाबूत होता. परभणीची दखनी आणि मराठी, दोघी त्यावर हक्क सांगतात.

एका हळदीच्या गाण्यात दोन ओळी मूळ फाइलीतच नव्हत्या. दादीला तेव्हा आठवल्या नव्हत्या. अम्मींना आठवल्या. त्या त्यांनी आधी बोलून सांगितल्या, मग जरा लाजत गाऊन दाखवल्या. या वेळी मोबाइल सुरू होता.

मग म्हणाल्या, "एक और है, तेरी दादी तेरे सामने नहीं बोलती थी. लिख, बासठवाँ."