नाहीं आहे

घरांत दूरचित्रवाणीचा संच चालू असतां आमच्या तोंडून अधूनमधून ‘शिव शिव’ असा उद्गार निघतो. तो मालिकेंतील एखाद्या मृत्यूकरितां नसून नायिकेच्या ‘माझ्याजवळ वेळ नाहीं आहे’ ह्या वाक्याकरितां आहे, हें घरांतील मंडळींस आतां न सांगतां समजतें. ‘तुम्हांला मालिका पाहायची आहे कीं तपासायची आहे?’ असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनीं एकदां विचारला होता. पंचवीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेल्या मनुष्यास ह्या दोन क्रिया वेगळ्या ठेवणें कठीण जातें, हें त्यांनाही ठाऊक आहे.

वास्तविक मराठींतील ‘नाहीं’ हें स्वतःच क्रियापद आहे. तो नाहीं, तूं नाहींस, ते नाहींत, असें तें आपल्या पायांनीं चालतें. हिंदींतील ‘नहीं’ बिचारें अव्यय. उभें राहावयास त्याला ‘है’चा टेंकू लागतो. तो टेंकू आतां आमच्या धडधाकट ‘नाहीं’ला लावण्यांत येत आहे. ‘मला मदत कर’ ह्याचें ‘माझी मदत कर’ झालें. ‘माझ्याशीं बोल’ जाऊन ‘माझ्यासोबत बोल’ आलें. पुष्कळ माणसें कोठें गेलीं कळत नाहीं, जिकडे तिकडे ‘खूप सारे लोक’ दिसतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां त्या वार्तेच्या शेवटीं एका निवेदिकेनें समस्त मराठी जनांचें ‘खूप सारं अभिनंदन’ केलें. हिंदींतून मराठींत उतरविलेल्या एका जाहिरातींत तर एक तरुण आपल्या वाग्दत्त वधूस ‘आम्ही नवीन घर घेऊं’ असें सांगतांना आम्हीं ऐकला. मराठींत ‘आपण’ म्हटलें कीं ऐकणारा आंत येतो आणि ‘आम्ही’ म्हटलें कीं तो उंबऱ्याबाहेर राहतो. हिंदीच्या ‘हम’ला हा भेद ठाऊक नाहीं. ती मुलगी कान असलेली मराठी मुलगी असती तर तिनें तेथल्या तेथें लग्न मोडलें असतें.

आमच्या रत्नागिरीस भाषेवरून भांडण्याचा वारसा आहे. १९२४ ते १९३७ ह्या काळांत सावरकर येथें स्थानबद्ध होते, आणि त्याच काळांत त्यांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली. ‘मेयर’च्या जागीं ‘महापौर’ आणि ‘तारखे’च्या जागीं ‘दिनांक’ ही त्या चळवळीची मिळकत. महापौर टिकले; दिनांक कागदावर राहिला आणि तारीख तोंडांत राहिली. आम्ही स्वतः परक्या शब्दांचे वैरी नाहीं. ‘मदत’ हा शब्दच मूळचा अरबी. पण तो आमच्याकडे आला, आमची विभक्ति शिकला आणि ‘मला मदत कर’ असें सरळ मराठी बोलूं लागला. पाहुण्यानें घरची रीत पाळली म्हणजे तो घरचाच होतो. सध्यां चाललें आहे तें ह्याच्या उलट. ‘माझी मदत कर’ ह्या वाक्यांत हरकत घ्यावी असा एकही शब्द नाहीं; शब्द सगळे घरचे, रीत तेवढी परकी. म्हणूनच ती कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि भाषाशुद्धीच्या कोशांतही तिच्यावर औषध सांपडत नाहीं.

उच्चारांची कथा अधिक नाजूक आहे. मराठींत च, ज आणि झ ह्यांचे दोन दोन उच्चार आहेत. चंद्राचा च तालव्य, आणि त्याच चंद्राच्या चांदण्याचा च दंततालव्य. बैल चार, पण त्यांचा चारा निराळा. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हीं दोन्हीं एकाच अक्षरांनीं लिहावयाचीं आणि वेगळीं बोलावयाचीं. लिपींत ह्याला खूण नाहीं. हें कानानेंच शिकावें लागतें. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें. तेथें पुढें भक्ति बर्वे आणि प्रदीप भिडे ह्यांनीं वाचलेल्या बातम्या ज्यांनीं ऐकल्या, त्यांना हें शिक्षण शुल्कावांचून मिळालें. आतांचा नट मराठी संवाद रोमन लिपींत लिहून घेऊन पाठ करतो असें ऐकतों. त्याचें चांदणें आणि त्याचा चंद्र एकाच चनें उगवतात. जन्मानें मराठी नसणें हा कांहीं अडसर नव्हे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ सालीं येथें बंदी म्हणून आला आणि १९१६ सालीं येथेंच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येची कन्या टूटू ह्या गांवींच वाढली, २००० सालीं निवर्तली, आणि अस्खलित मराठी बोलत असे. तिला कोणी व्याकरण शिकविलें नव्हतें. शेजारणींकडे तिनें कान दिला होता.

लंडनकरही ह्या दुःखापासून सुटलेले नाहींत. अमेरिकन शब्दांवरून आणि उच्चारांवरून तेथें नित्य ओरड चालते. बी. बी. सी.नें १९२६ सालीं उच्चार ठरविण्याकरितां एक समिति नेमिली होती. राजकवि रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष, त्यांच्यानंतर बर्नार्ड शॉ. १९३९ सालीं युद्ध सुरू झालें आणि समिति बंद पडली.

अशी समिति येथें नेमावी असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. तिनें कोणाचे उच्चार प्रमाण धरावे, हा प्रश्न आमच्या वर्गांतच सुटलेला नाहीं. आमच्याकडे लांजें, राजापूर, संगमेश्वर ह्या बाजूंनीं मुलें येतात. त्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. निवेदिकेचें ‘पानी’ आणि ह्या मुलांचें ‘पानी’ कानाला एकच लागलें, तरी पहिलें हयगयीचें आहे आणि दुसरें आजीपणजीचें. हा भेद आम्ही करूं शकतों. मागच्या बांकावरील मंडळी करीतच असें नाहीं.

गेल्या वर्षीं संगमेश्वराकडील एक मुलगी धडा मोठ्यानें वाचीत असतां ‘पानी’ म्हणाली आणि मागें हंशा पिकला. हंसणाऱ्यांत जो पुढें होता तो शहरांतला, इंग्रजी शाळेंत शिकलेला. त्याला आम्हीं पुढचा परिच्छेद वाचावयास सांगितला. त्यानें चूल, चारा आणि चांदणें हीं तिन्हीं चंद्राच्या चनें वाचलीं, आणि एका शब्दापाशीं अडून ‘सर, हा शब्द मला माहीत नाहीं आहे’ असें म्हणाला. त्याला कोणी हंसलें नाहीं. त्याचें मराठी रोज संध्याकाळीं घरोघर ऐकूं येतें. तिचें आलेंच तर विनोदी गड्याच्या तोंडून येतें.

मुलीच्या वाचनांत एकही च चुकला नव्हता. तें आम्हीं वर्गास सांगितलेंही. त्याचा उपयोग झाला असें म्हणवत नाहीं. मुलगी हुशार आहे, अजून पहिल्या बांकावर बसते, विचारलें म्हणजे उत्तर देते. फक्त तो शब्द येणार असें दिसलें कीं क्षणभर थांबते, आणि ‘वॉटर’ म्हणते.